फॉरवर्ड आलंय, खरं आहे का? आरोग्याच्या अफवा नक्की कोणाला पटतात?

चिंचगूळ (धागाकर्ती)

सिंहगड रोडला आमचं मेडिकल आहे. काउंटरला उभं राहिलं की कुणाच्या ग्रुपवर काय फिरतंय ते न विचारता कळतं, कारण माणसं चिठ्ठीच्या आधी मोबाइल पुढे करतात. २०२५ च्या जानेवारीत आमच्याच पट्ट्यात, किरकटवाडी, नांदेड, धायरीकडे जीबीएसचे (गियाँ-बारे सिंड्रोम, नसांवर परिणाम करणारा आजार) रुग्ण निघायला लागले तेव्हा तर हे मेडिकल आहे की एसटीची चौकशी खिडकी, असं झालं होतं.

बँकेतून निवृत्त झालेले एक काका आले. त्यांच्याकडे लांबलचक मजकूर: पनीर, भात, चिकन बंद करा. खाली कुठल्याशा मोठ्या डॉक्टरांचं नाव आणि 'जनहितार्थ'. हॉस्टेलवरची एक मुलगी तो मजकूर ऐकून फिसकन हसली आणि तिने स्वतः मागितलं काय, तर रीलमध्ये पाहिलेली पोट साफ करायची 'डिटॉक्स' पावडर. चार घरची धुणीभांडी करणाऱ्या एक ताई ओआरएस घेता घेता म्हणाल्या, "चिकन-बिकन काही नाही ओ, पाण्यातच काहीतरी आहे. वास मारतंय पाणी." काका त्यांच्यावरच डाफरले, अफवा पसरवू नका म्हणून. पुढे रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर हा जंतू सापडला, पाण्याकडे बोट गेलं आणि महापालिकेने त्या भागातले पाणी शुद्ध करून विकणारे काही खासगी आरओ प्लांट सील केले.

वय, शिक्षण, पैसा, बाई-पुरुष, जात-धर्म, गाव-शहर यांनी फरक पडतो हे उघड आहे. पण तो कसा पडतो यावर मला चर्चा हवी आहे. आपण सरसकट बोलून मोकळे होतो की म्हातारे आणि अडाणी फसतात. डेव्हिसन नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने १९८३ मध्येच मांडलं होतं की माध्यमांचा परिणाम आपल्यावर कमी आणि 'इतर लोकांवर' जास्त होतो असं जो तो धरून चालतो. माझ्या काउंटरवर प्रत्येक जण त्याच 'इतर लोकांबद्दल' बोलत असतो.

आपापल्या भागातलं लिहा. उपदेश नको, प्रसंग द्या.

आकडेबाज

धागा चांगला आहे. म्हाताऱ्यांपासून सुरुवात करतो, कारण त्यांच्यावर सगळे घसरतात.

ज्याचा हवाला नेहमी दिला जातो तो अभ्यास गेस, नागलर आणि टकर यांचा, २०१९ च्या जानेवारीत 'सायन्स ॲडव्हान्सेस'मध्ये आलेला. अमेरिकेतल्या २०१६ च्या निवडणुकीच्या काळात पासष्टीपुढच्या लोकांनी फेसबुकवर खोट्या बातम्यांच्या साइटवरचे लेख सर्वांत तरुण गटाच्या जवळपास सातपट शेअर केले. हा आकडा सगळ्यांना पाठ आहे. त्याच अभ्यासातला दुसरा आकडा कोणी सांगत नाही: नव्वद टक्क्यांहून जास्त लोकांनी असा एकही लेख शेअर केला नव्हता.

दोन गोष्टी ध्यानात ठेवा. एक, ते राजकारणाबद्दल होतं, आरोग्याबद्दल नाही, आणि अमेरिकेतलं होतं. दोन, शेअर करणं वेगळं आणि पटणं वेगळं. तुमच्या काकांना विचारा. बहुतेक उत्तर असं येईल: "खरं असलं तर कुणाचं तरी भलं होईल, खोटं असलं तर आपलं काय जातंय?"

वाळव्याकडचा

आपलं काय जातंय? मी सांगतो काय जातंय.

आकडेबाज, राग नाही, पण २०२० च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये माझं ब्रॉयलरचं शेड भरलेलं होतं. पक्षी लिफ्टिंगला (विक्रीसाठी उचलायला) आलेला आणि व्हॉट्सॲपवर कोंबडीचा फोटो, खाली 'यात कोरोना सापडला'. किलोला सत्तर-पंचाहत्तर रुपये खर्चून वाढवलेला पक्षी दहा-वीसला कोण घेईना. वजन वाढलं की खाद्य वाढतं, रोज खाद्य घाला आणि रोज तोटा घ्या. आमच्याकडं काहींनी फुकट वाटला, काहींनी खड्डा काढून पुरला. आणि ते फॉरवर्ड करणारे सगळे शिकलेले. प्राध्यापक होते त्यात, इंजिनियर होते. गावातल्या म्हाताऱ्या रविवारी कोंबडी शिजवून खात होत्या निवांत, त्यांच्याकडं मोबाइलच नव्हता.

जीबीएसच्या वेळी परत तेच. धागाकर्त्या ताईंना विचारायचं आहे, कॅम्पिलोबॅक्टर सापडला म्हणताय, तो कोंबडीत असतो असं पण ऐकलं. मग फॉरवर्ड खोटं कसं?

निमवैद्य

वाळव्याकडचा, बरोबर नस पकडलीत. हा जंतू कोंबडीच्या आतड्यात असतो, त्यामुळे कच्चं किंवा अर्धवट शिजलेलं चिकन हा त्याचा एक मार्ग आहेच. नीट शिजवलेल्या चिकनमधून तो येत नाही. 'नीट शिजवा' याचं 'बंद करा' झालं की सल्ल्याची अफवा होते. आपल्याकडे चालतात त्या आरोग्यविषयक अफवांत शंभर टक्के खोट्या थोड्या, अशा अर्ध्याकच्च्याच जास्त.

आता माझ्या दवाखान्यातलं. दादरला प्रॅक्टिस आहे. माझे पेशंट शिकलेले, पेन्शनवाले, मुलं परदेशात. यांना कोणी 'मंतरलेला दोरा बांधा' म्हणालं तर हसतील. पण 'गरम नारळपाण्याने कॅन्सरच्या पेशी मरतात' हा मजकूर टाटा मेमोरियलच्या डॉ. राजेंद्र बडवे यांच्या नावाने फिरला, तेव्हा त्याची प्रिंट काढून घेऊन आले होते. २०१९ मध्ये हॉस्पिटलला खुलासा करावा लागला की हे डॉक्टरांनी म्हटलेलंच नाही. मजकूर अजून जिवंत आहे. मग २०२४ च्या नोव्हेंबरात नवज्योत सिद्धूंनी पत्नीचा कॅन्सर आहाराने कसा बरा झाला ते सांगितलं. हळद, कडुनिंब, लिंबू. टाटाच्या २६२ आजी-माजी कॅन्सरतज्ज्ञांना पत्रक काढावं लागलं. त्या बाईंची शस्त्रक्रिया आणि केमो झाली होती, हा तपशील बघता बघता गळून गेला.

शिकलेल्याला संशोधन, संस्था, नोबेल असे शब्द लागतात. ते पुरवले की काम झालं.

गुळवेल

म्हणजे हळद-कडुनिंब म्हटलं की लगेच खोटं? हीच ती ॲलोपॅथीवाल्यांची मिजास. कोविडात आयुष मंत्रालयाने काढा सांगितला, गुळवेल सांगितली. ते पण फेक न्यूज का?

निमवैद्य

मिजास नाही. मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये गुळवेल घेतलेल्या आणि यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. मंत्रालयाचं म्हणणं, त्यांनी दुसरीच सारखी दिसणारी वनस्पती खाल्ली असेल. हा वाद शास्त्रातला आहे, होऊ द्या. पण 'गुळवेलीने डायबेटिस मुळापासून जातो' असं छापून विकणं वेगळं. त्यासाठी जादुई उपचारांच्या जाहिरातींविरुद्धचा कायदा १९५४ पासून आहे आणि त्यातल्या यादीत मधुमेह स्पष्ट लिहिलेला आहे.

सरळसोट

खुद्द सरकारच टाळ्या-थाळ्या वाजवायला सांगत होतं आणि त्या कंपनांनी विषाणू मरतो म्हणून... (प्रतिसाद अंशतः अप्रकाशित)

संपादक मंडळ

पक्ष आणि नेते यांवरचे सहा प्रतिसाद अप्रकाशित केले आहेत. थाळ्या वाजवायचं आवाहन वेगळं आणि 'कंपनांनी विषाणू मरतो' हा मजकूर वेगळा, दोन्ही एक करू नयेत. धागा विषयावर राहू द्या.

मोसमकाठ

मालेगावातून लिहितोय, उर्दू माध्यमाच्या शाळेत शिक्षक आहे. बराच वेळ नुसतं वाचत होतो, कारण असल्या धाग्यांवर चौथ्या-पाचव्या प्रतिसादात 'मालेगाव' येतंच. या वेळी मीच आणतो.

२७ नोव्हेंबर २०१८ ला महाराष्ट्रात गोवर-रुबेलाची मोहीम सुरू झाली. नऊ महिने ते पंधरा वर्षांची मुलं, लस शाळेतच द्यायची. पहिल्या आठवड्यात माझा निम्मा वर्ग गैरहजर. पालकांच्या मोबाइलमध्ये एकच क्लिप: या सुईने पोरांना पुढे मूलबाळ होणार नाही, आपली संख्या कमी करायचा डाव आहे. मी त्यांना विज्ञान समजावत होतो. एका विद्यार्थ्याचे आजोबा, पॉवरलूमवर आयुष्य गेलेलं, मला म्हणाले, "सर, १९७६ मध्ये तुमचा जन्म झाला होता का?"

झाला नव्हता. घरी येऊन वाचलं. आणीबाणीत एका वर्षात देशभर ऐंशी लाखांहून जास्त नसबंद्या झाल्या. सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर करणारं पहिलं राज्य महाराष्ट्र, त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून कायदा झाला नाही. म्हणजे क्लिप खोटी होती, पण ती ज्या भीतीवर उभी होती ती हवेतून आलेली नव्हती. हे मान्य न करता मी सूक्ष्मजंतू समजावत बसलो असतो तर आणखी चार पोरं लसीकरणातून गळाली असती. शेवटी त्या आजोबांनाच मुख्याध्यापकांच्या खोलीत बसवलं, त्यांच्यासमोर मी माझ्या मुलीला लस टोचून घेतली. मग मशिदीतून सांगितलं गेलं, काही घरं वळली, काही नाहीच वळली.

२०२२ च्या हिवाळ्यात गोवंडी, भिवंडी आणि आमच्याकडे गोवर उसळला. मुलं दगावली. तेव्हा टीव्हीवर 'यांची मानसिकता' यावर चर्चा झाली. वस्तीतला दवाखाना किती वाजता बंद होतो, यावर नाही झाली.

जुने_पान

मोसमकाठ, प्रतिसाद आवडला. अवांतर वाटेल, पण फक्त एका समाजाची 'मानसिकता' म्हणणाऱ्यांसाठी: २९ ऑक्टोबर १८९६ ला मुंबईत गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या प्लेग रुग्णालयावर हल्ला केला. आत नेलेला माणूस मारून टाकतात, अशी बोलवा होती. पुण्यात गोरे सोल्जर घराघरात शिरून तपासणी करत होते, त्याचं पुढे काय झालं ते शाळेत सगळ्यांनी वाचलंय. हाफकिनच्या प्लेगच्या लशीत गाय-डुकराचं मांस असतं, हीही अफवा त्या काळचीच.

आणि तोडगा काय निघाला? जातीजातींची, धर्माधर्मांची वेगळी प्लेग रुग्णालयं. पुण्यात लोकमान्यांनी हिंदू प्लेग रुग्णालय उभारायला पुढाकार घेतला. आपल्या माणसाच्या हातून औषध घ्यायला लोक तयार होते.

टेम्सकाठचा_मावळा

जुने_पान, तोच तोडगा इंग्लंडमध्ये २०२१ मध्ये चालला. लशीत पोर्क आणि बीफ आहे, असे मजकूर आपल्या दक्षिण आशियाई लोकांत जोरात होते. मग बर्मिंगहॅमची मशीद आणि इथलं, लंडनमधलं, नीसडनचं स्वामिनारायण मंदिर, दोन्हीकडे लसीकरण केंद्रं उघडली.

निमवैद्यांच्या शिकलेल्यांबद्दलच्या मुद्द्यालाही दुजोरा. १९९८ चा वेकफिल्डचा, एमएमआर (गोवर-गालगुंड-रुबेलाची लस) आणि ऑटिझम यांचा संबंध जोडणारा पेपर ('लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने २०१० मध्ये मागे घेतला) आला, तेव्हा इथे लसीकरण जास्त शिकलेल्यांच्या भागांत जास्त वेगाने घसरलं होतं. पेपर वाचणारे तेच ना.

झेन_झुणका

सगळे फॉरवर्ड फॉरवर्ड करताय. आमच्या वयात फॉरवर्ड कोण वाचतं? 🙄

मी बावीस वर्षांची. आई मला 'रात्री दही खाऊ नको' पाठवते, मी दुर्लक्ष करते. पण एक सिक्स पॅकवाला दादा रीलमध्ये म्हणाला की सनस्क्रीननेच कॅन्सर होतो, तर माझ्या तीन मैत्रिणींनी सनस्क्रीन सोडलं. त्यात डॉक्टरचं नाव नसतं, 'जनहितार्थ' नसतं. तो कॅमेऱ्यात बघून बोलतो, त्याची स्किन भारी असते, संपलं. आणि खाली त्याच्याच ब्रँडचं तूप विकायला असतं. मुलांमध्ये टेस्टोस्टेरॉनचं खूळ बघा एकदा, तुमचे काका लोक परवडले.

आकडेबाज

झेन_झुणका, +१. शेअर किंवा फॉरवर्डच मोजले तर तुमची पिढी शहाणी दिसते, कारण तुम्ही रील पाहता आणि पुढे पाठवतही नाही. मोजमाप कशाचं केलं यावर कोण फसतं ते ठरतं.

सातपुडा

नंदुरबार जिल्ह्यात आशांची गटप्रवर्तक आहे. रेंज येते तेव्हा लिहिते, उशिराबद्दल राग नसावा.

आमच्या पाड्यांवर अफवा मोबाइलवरून कमी येते. ती ऊसतोडीवरून परत आलेल्या माणसाबरोबर येते, बाजाराच्या दिवशी येते. २०२१ मध्ये लस घेतलेला माणूस दोन वर्षांत मरतो, हे असंच आलं. कुठून आलं कुणालाच माहीत नाही. आम्ही टोचायला गेलो की लोक शेतात निघून जायचे, पाड्यावर फक्त कोंबड्या.

दुसरं, रेशनचा तांदूळ. पोषणयुक्त तांदळात शंभरात एक दाणा वेगळा असतो, तांदळाच्याच पिठात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ घालून केलेला. तो पाण्यात तरंगतो, रंगाला जरा पिवळट-पांढरा. बायका सुपात घेऊन तो एकेक दाणा निवडून कोंबड्यांना टाकत होत्या. प्लास्टिकचा तांदूळ म्हणून. मी एकीसमोर तो दाणा भिजवला, बोटाने चिरडला, पीठ झालं. तिने बघितलं आणि विचारलं, "मग आधी का नाही सांगितलं?" यावर काय बोलणार? पोत्यावर लिहिलेलं होतं, पण ते वाचणार कोण आणि कुठल्या भाषेत? आणि आमच्याकडे सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. अशा रुग्णांनी लोह घातलेलं अन्न खाऊ नये, अशी सूचना तेव्हा पाकिटावर छापणं नियमात होतं, रेशनच्या सुट्या तांदळाला पाकीटच नसतं. शंका घेणारी बाई अगदीच खोटी होती, असं मला म्हणवत नाही.

निमवैद्य

सातपुडा, तुमचं 'दोन वर्षांत मरतो' वाचून चमकलो. तोच मजकूर २०२१ च्या मे महिन्यात माझ्याकडे इंग्रजीत आला होता. नोबेलविजेते फ्रेंच शास्त्रज्ञ ल्यूक माँटानिए म्हणतात की लस घेतलेले सगळे दोन वर्षांत मरणार, सोबत त्यांचा फोटो आणि विकिपीडियाची लिंक. ते लशीवर टीका करत होते हे खरं, पण हे वाक्य त्यांचं नव्हतंच. सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाने (पीआयबी) तेव्हाच खुलासा केला होता.

माझ्या एका पेशंटने त्या मजकुरापायी दुसरा डोस लांबवला. सीए आहेत. तुमच्या पाड्यावर पोचेपर्यंत नोबेल गळून गेलं आणि नुसती दोन वर्षं उरली. दादरला ते नोबेलसकट लागतं.

चिंचगूळ

हे मी लिहून ठेवलं. एकच अफवा, प्रत्येकाच्या मापाने कापलेली.

बायकांचं कोणी लिहिलं नाही म्हणून मी लिहिते. २०२१ च्या एप्रिलमध्ये, अठरा वर्षांवरच्यांची लस सुरू व्हायच्या तोंडावर, मजकूर फिरला की पाळीच्या आधी पाच दिवस आणि नंतर पाच दिवस लस घेऊ नका. दुकानात पॅड घ्यायला आलेल्या मुली हळू आवाजात विचारायच्या. मोठ्याने विचारायची सोय नव्हती, लसीकरण केंद्रावर समोर पुरुष बसलेला. सरकारने 'खोटं आहे' म्हणून जाहीर केलं आणि विषय मिटवला. पण लशीनंतर पाळी एखादा दिवस मागेपुढे होते हे पुढच्या वर्षी, २०२२ च्या जानेवारीत आलेल्या अमेरिकन अभ्यासात दिसलं. फरक सरासरी एका दिवसाहूनही कमी, घाबरण्यासारखं काही नाही. पण बायका जे सांगत होत्या ते मनाचे खेळ नव्हते. "काही होत नाही" असं ठणकावून सांगणाऱ्यावर पुढच्या वेळी त्या विश्वास ठेवतील का?

आणि इंटरनेट बायकांपर्यंत पोचतंच कमी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) देशातल्या ३३.३ टक्के बायकांनी आणि ५७.१ टक्के पुरुषांनी कधी ना कधी इंटरनेट वापरलेलं होतं. म्हणजे कितीतरी घरांत बाईला अफवा नवऱ्याच्या किंवा मुलाच्या तोंडून कळते, आणि पडताळायला तिच्या हातात काहीच नसतं. आमच्या त्या धुणीभांडीवाल्या ताई बघा, त्यांनी पाण्याचा वास घेतला कारण त्यांच्याकडे तेवढंच होतं.

वाळव्याकडचा

मग उपाय काय? का नुसती चर्चाच?

आकडेबाज

उपायांवरचे दोन अभ्यास सांगतो, दोन्ही बिहारमधले आहेत. २०१९ च्या निवडणुकीच्या वेळी सुमित्रा बद्रिनाथन यांनी घरोघरी माणसं पाठवून, तासभर बसवून खोटी बातमी कशी ओळखायची ते शिकवलं. फरक पडला नाही. उलट आपल्या पक्षाला सोयीच्या खोट्या बातम्यांच्या बाबतीत काही जण आणखी पक्के झाले.

नंतर त्यांनी आणि सहकाऱ्यांनी आठवी ते बारावीच्या तेरा हजारांहून जास्त मुलांवर दुसरा प्रयोग केला. ५८३ गावं, विषय मुख्यतः आरोग्याच्या अफवा, एकदाच तास घेऊन मोकळं न होता काही आठवडे वर्ग. या वेळी फरक पडला, चार महिन्यांनीही टिकला, आणि मुलांच्या आईबापांमध्येसुद्धा थोडा दिसला. मोठ्यांना तासभर उपदेश करून जे झालं नाही ते मुलांमार्फत काही अंशी झालं. यावरून सगळा प्रश्न सुटला असं कोणी म्हणू नये, पण दिशा कळते.

मोसमकाठ

आठवीचा वर्ग माझ्याकडेच आहे. जूनमध्ये करून बघतो. मजकूर मात्र तिथलेच हवेत, पुण्याच्या काकांचे चालणार नाहीत. आमच्याकडे सध्या बीपीच्या गोळीने किडनी जाते, हे जोरात आहे. निमवैद्य, त्यावर एक पान साध्या भाषेत लिहून द्याल का? उर्दू मी करतो.

निमवैद्य

देतो. पण नुसतं 'खोटं आहे' असं लिहिणार नाही. काही पेशंटमध्ये काही गोळ्यांबरोबर क्रिएटिनिन (किडनीचं काम कळणारी रक्ततपासणी) तपासावं लागतं, तेही लिहिणार. नाहीतर कुणाचा तरी रिपोर्ट वर गेला की सगळंच पान खोटं ठरेल.

सातपुडा

मलाही पाठवा, पावरीत (आमच्या पाड्यांवरची बोली) मी करते. कागद नको, आवाज रेकॉर्ड करू, वाचणारे कमी आहेत. माझा आवाज चालेल, ओळखतात. फक्त शेवटी शंका असेल तर फोन कुणाला करायचा ते आधी ठरवा. १०४ हा आरोग्य हेल्पलाइनचा नंबर टाकला तर पलीकडचा माणूस पावरी बोलेलच असं नाही, बाई फोन ठेवून देईल. आमच्या उपकेंद्राच्या सिस्टरला विचारते. तिचीही बदली अर्जावर आहे, तेवढं बघावं लागेल.